लिनक्सवर प्रिंट काढायच्या आधी: प्रिंटरला जाणारी फाइलच स्क्रीनवर बघा

गणपती जवळ आले की इंदुरात मराठी मंडळांची एकच गडबड उडते. कार्यक्रमपत्रिका, वर्गणीची पावती, आरतीचे कागद, एखादं मंडळ जरा हौशी असेल तर सोळा पानी स्मरणिका. हे सगळं बनतं कुणाच्या तरी घरच्या लॅपटॉपवर आणि छापलं जातं राजवाड्याकडच्या नाहीतर खजुरी बाजाराजवळच्या एखाद्या दुकानात. आता बऱ्याच पोरांकडे उबुंटू, मिंट, फेडोरा असं कुठलंतरी लिनक्स असतं आणि मग तक्रार ठरलेली, स्क्रीनवर तर बरोबर होतं, कागदावर कसं काय बिघडलं.

बिघडत काही नसतं हो. लिब्रेऑफिस रायटरमध्ये (वर्डसारखाच प्रोग्राम) आपण बघतो ती टायपिंगची खिडकी, आणि प्रिंटरला जाते ती त्यातून तयार झालेली दुसरीच फाइल, बहुतेक वेळा पीडीएफ. म्हणून माझं सांगणं एवढंच की बघायची ती ही दुसरी फाइल बघा, आणि जितकी शेवटच्या टप्प्यातली बघता येईल तितकी चांगली. छापखान्यात जसं प्रूफ हातात आल्याशिवाय मशीन सुरू करत नाहीत ना, तसंच.

(कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये आणि आकडेही रोमन, सगळं लहान लिपीत, जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलंय.)

आधी आत काय चालतं ते थोडक्यात, कारण ते कळलं की पुढचं पाठ करावं लागत नाही. अडोबीची पोस्टस्क्रिप्ट १९८४ ची, म्हणजे पान कसं काढायचं हे प्रिंटरला सांगायची भाषा. पण ती समजणारे प्रिंटर महाग. मग १९८८ मध्ये पीटर डॉइच यांनी घोस्टस्क्रिप्ट आणलं, ते पोस्टस्क्रिप्ट कॉम्प्युटरवरच वाचतं आणि त्याचं चित्र बनवतं, आता ते चित्र साध्या प्रिंटरला पाठवा नाहीतर स्क्रीनवर दाखवा, त्याला दोन्ही सारखंच. युनिक्सवर प्रिव्ह्यू हा प्रकार रुळला तो यातूनच, घोस्टव्ह्यू आणि नंतर जीव्ही ही त्याचीच खिडकी. पुढे १९९९ मध्ये कप्स आलं, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी व्यवस्था, २००७ मध्ये ते ॲपलने विकत घेतलं, आणि आज लिनक्स असो की मॅक, प्रिंटच्या रांगेमागे तेच किंवा त्याचंच भावंड असतं. लिनक्सवर प्रोग्राम पीडीएफ बनवतो, कप्स ती घेतं, फिल्टरमधून काढतं, एका कागदावर दोन पानं वगैरे सांगितलं असेल तर ते करतं आणि प्रिंटरला कळेल अशा रूपात पुढे ढकलतं. म्हणजे मधे दोन ठिकाणी डोकावता येतं, प्रोग्रामने पीडीएफ बनवल्यावर, आणि कप्सने त्यावर काम केल्यावर.

पहिलं ठिकाण सगळ्यात सोपं. ग्नोमवाल्या प्रोग्राममध्ये (ग्नोम हा लिनक्सचा एक डेस्कटॉप, केडीई, माते हे दुसरे) कंट्रोल-पी दाबलं की प्रिंटच्या खिडकीत खाली प्रिव्ह्यूचं बटण असतं, दाबा, पानं वेगळ्या खिडकीत उघडतात. पण मला त्यापेक्षा प्रिंटरच्या यादीतलं प्रिंट टू फाइल बरं वाटतं, कारण फाइल हातात राहते, ती नीट तपासता येते, दुसऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवता येते, आणि नंतर छापायची तीच. रायटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ ने प्रिव्ह्यू दिसतो, चांगला आहे, पान कुठे तुटतंय ते बघायला पुरे, पण शेवटी एक्सपोर्ट करून पीडीएफ बघाच. फाइल्स भरपूर असतील, समजा सगळ्या वर्गणीदारांची पत्रं, तर एकेक उघडत बसू नका, टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत

एसऑफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ *.ओडीटी

लिहा (ओडीटी म्हणजे रायटरची स्वतःची फाइल), सगळ्यांच्या पीडीएफ एकदम तयार.

बघायला कुठलाही व्ह्यूअर चालेल. ग्नोमवर एव्हिन्स, अगदी नव्या ग्नोममध्ये त्याच्या जागी पेपर्स, केडीईवर ओक्युलर, मिंटवर एक्सरीडर, मातेवर ॲट्रिल. मला स्वतःला ओक्युलर आवडतं, जड आहे पण त्यात सगळं सापडतं. जुन्या दोन जीबी रॅमच्या मशीनवर झाथुरा किंवा मुपीडीएफ टाका, पटकन उघडतं.

आता उघडून बघायचं काय. नुसतं वरून खाली स्क्रोल केलं आणि हो ठीक आहे म्हटलं तर त्या बघण्याला अर्थ नाही.

कागदाचा आकार आधी. आपल्याकडे दुकानात मिळतो तो ए-फोर, २१० बाय २९७ मिलीमीटर. पण सिस्टिम बसवताना भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवली असेल, आणि बहुतेकजण तीच ठेवतात, तर कागद लेटर धरला जाण्याची शक्यता असते. लेटर २१६ बाय २७९, म्हणजे जरा रुंद आणि बराच आखूड. स्क्रीनवर हा फरक डोळ्याला कळत नाही, कळतो कागदावर, खाली पट्टा रिकामा राहतो किंवा उजवीकडची अक्षरं कापली जातात. त्यामुळे डोळ्यावर विसंबू नका, पॉपलर-युटिल्स नावाचं पॅकेज टाका आणि

पीडीएफइन्फो पत्रिका.पीडीएफ

असं विचारा. पेज साइजच्या ओळीत ५९५ बाय ८४२ च्या आसपास आकडे आले तर ए-फोर, ६१२ बाय ७९२ आले तर लेटर. हे आकडे पॉइंटमध्ये असतात, एका इंचात ७२. लेटर आलं तर रायटरमध्ये फॉरमॅट, पेज स्टाइलमध्ये जाऊन कागद बदला आणि मग परत सगळी पानं बघा, कारण कागद बदलला की मजकूर सरकतो आणि जी सही तिसऱ्या पानाच्या तळाशी होती ती चौथ्यावर एकटीच जाऊन बसते.

समासाचं एक. बहुतेक घरगुती प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, काही मिलीमीटर तरी सोडतात. पत्रिकेला कडेने नक्षीची चौकट काढायची हौस सगळ्यांना असते, ती कडेला चिकटवली तर पीडीएफमध्ये सुंदर दिसेल आणि कागदावर एक बाजू गायब. चौकट दहा मिलीमीटर आत घ्या, विषय संपला. शिवाय एव्हिन्सच्या प्रिंटच्या खिडकीत पेज हँडलिंग नावाचा टॅब आहे, ओक्युलरमध्ये स्केल मोड, तिथे पान जसंच्या तसं छापायचं की लहान करून बसवायचं ते ठरतं. पावती, ओळखपत्र, लेबल अशा मापाच्या गोष्टींना नन ठेवा, बाकी पत्रांना श्रिंक चालतं.

फॉन्ट. यावर जरा थांबू, कारण मराठीवाल्यांचं घोडं इथेच अडतं.

कुणीतरी विंडोजवर मंगलमध्ये टाइप केलेली फाइल पाठवतं, तुमच्या लिनक्सवर मंगल नसतं, रायटर गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो, लोहित असेल नाहीतर नोटो. अक्षरं वाचता येतात म्हणून कुणाला शंका येत नाही, पण प्रत्येक फॉन्टची रुंदी नि ओळीची उंची वेगळी, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि दोन पानांचं अडीच पान होतं. ओळखायची खूण सोपी आहे, रायटरमध्ये त्या मजकुरावर क्लिक करा, वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव तिरक्या अक्षरात दिसलं तर तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. त्याच्या जागी कोण येणार ते टर्मिनल सांगतं

एफसी-मॅच "मंगल:लँग=एमआर"

आणि मराठी येणारे कुठले फॉन्ट मशीनवर आहेत ते

एफसी-लिस्ट :लँग=एमआर

ने कळतं. इंग्रजी मजकुराला एवढा त्रास नाही, एरियल आणि टाइम्सच्या जागी लिबरेशन, कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो हे मुद्दाम त्याच रुंदीचे बनवलेत, ओळी हलत नाहीत. मंगलवर हा भरवसा ठेवू नका, बदललेल्या फॉन्टमध्येच पानं नीट लावून घ्या आणि पीडीएफ करा.

दुसरा प्रकार कृतीदेव, श्रीलिपी वगैरेचा. आपल्या मध्य प्रदेशात कृतीदेवावर शिकलेले टायपिस्ट गल्लोगल्ली आहेत आणि मराठी मजकूरही त्यातच करून देतात. हे युनिकोड नाही (युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो), आत रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. फॉन्ट नसला की पानभर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्यावर दोनच उपाय, ज्याने टाइप केलंय त्याच्याकडूनच पीडीएफ मागवा, नाहीतर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग रफार, वेलांट्या, जोडाक्षरं एकेक डोळ्याखालून घाला, कारण कन्व्हर्टर तिथेच दगा देतात.

पीडीएफ झाल्यावर

पीडीएफफॉन्ट्स पत्रिका.पीडीएफ

चालवा. एक तक्ता येतो, त्यात ईएमबी नावाचा रकाना आहे, तिथे प्रत्येक फॉन्टसमोर येस हवं. येस म्हणजे फॉन्ट फाइलच्या आतच भरलाय, दुकानदाराच्या मशीनवर असो नसो, अक्षर तेच येणार. एखाद्यासमोर नो असेल तर ती पीडीएफ तुमच्या मशीनवर छान दिसली तरी बाहेर नेऊ नका. टर्मिनल नको असेल तर एव्हिन्स किंवा ओक्युलरमध्ये प्रॉपर्टीज उघडा, फॉन्ट्सचा टॅब आहे, तिथेही हेच दिसतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी आपल्यासारख्या हिंदी मुलखातल्या मराठी माणसालाच भोवते. काही युनिकोड फॉन्टांमध्ये ल आणि श ची मराठी वळणं वेगळी भरलेली असतात, पण ती कधी लावायची हे मजकुराची भाषा काय ठेवलीय त्यावरून ठरतं. इंदुरात सगळ्यांची सेटिंग हिंदी, त्यामुळे लक्ष्मी, श्रीगणेश, लेले, शिंदे सगळे हिंदी वळणाने छापून येतात. छापलेलं वाचायला अडचण काहीच नाही, पण आजोबांच्या पिढीतले बरोब्बर पकडतात. रायटरमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा मराठी करा, आधीच टाइप झालेला मजकूर असेल तर तो सगळा निवडून त्याची भाषा मराठी करा, मग परत पीडीएफ काढून २०० टक्के झूमवर ल बघा. झूमवर असतानाच ऱ्या, र्‍ह, द्ध, ट्ट असलेले शब्दही बघून घ्या, पुऱ्या, कऱ्हाडे, सिद्धिविनायक, पट्टी. चुकत असेल तर फॉन्ट बदलायचा, दुसरा मार्ग नाही.

पाठपोट छपाई आणि स्मरणिका हा पुढचा गुंता. स्मरणिका मधोमध पिन मारून करायची तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी, आणि पानांची मांडणी उलटसुलट असते, सोळा पानी असेल तर बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि १५. हे हाताने लावू नका. रायटरच्या प्रिंटच्या खिडकीत पेज लेआउटखाली ब्रोशर आहे, ते निवडा आणि प्रिंटर म्हणून प्रिंट टू फाइल द्या, लावलेली पानं पीडीएफमध्ये मिळतात. उघडून पहिल्या पानावर १६ आणि १ शेजारी दिसतात का तेवढं बघा, दिसले तर बाकीचे आपोआप बरोबर. आणि दोन पानांमध्ये अचानक एक कोरं पान येत असेल तर घाबरू नका, सम-विषम पानांचे क्रमांक जुळवायला रायटर ते स्वतः घालतो, ऑप्शन्समध्ये रायटर, प्रिंटमध्ये ते बंद करायची खूण आहे.

इथे कप्सच्या टप्प्यावर डोकावायची वेळ येते. एका कागदावर दोन पानं, ठरावीक पानंच वगैरे गोष्टी कप्स करणार असेल तर प्रोग्रामच्या पीडीएफमध्ये त्या दिसत नाहीत. त्यासाठी कप्स-पीडीएफ नावाचा खोटा प्रिंटर बसवा, डेबियन-उबुंटूवर पॅकेजचं नाव प्रिंटर-ड्रायव्हर-कप्स-पीडीएफ. तो यादीत पीडीएफ नावाने दिसतो, त्याला काम पाठवलं की कागदाऐवजी फाइल मिळते, घरच्या फोल्डरमध्ये कॅपिटल अक्षरांतल्या पीडीएफ नावाच्या फोल्डरमध्ये. म्हणजे

एलपी -डी पीडीएफ -ओ नंबर-अप=२ -ओ मीडिया=ए४ आरती.पीडीएफ

दिलंत (-डी नंतरचं पीडीएफ कॅपिटल, ए४ मधला ए सुद्धा) की आरतीची दोन पानं एका आडव्या कागदावर कशी बसतात ते दिसेल. समाधान झालं की हीच कमांड, फक्त -डी नंतर खऱ्या प्रिंटरचं नाव. प्रिंटरांची नावं एलपीस्टॅट -पी ने मिळतात.

पाठपोटमध्ये पाठ उलटी येईल की सुलटी हे मात्र कुठलाच प्रिव्ह्यू खात्रीने दाखवत नाही. उभ्या पानांना लाँग एज (लांब कडेवर पलटणं), आडव्या ब्रोशरला शॉर्ट एज (आखूड कडेवर) असा साधारण हिशोब आहे, पण एक कागद खरा छापून बघाच, एका कागदाने काही बिघडत नाही.

काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर रंगीत पत्रिका काढायची असेल तर केशरी पट्ट्यावर लाल अक्षरं ही आपली आवडती जोडी राखाडीवर राखाडी होऊन बसते. आधी बघायचं तर

पीडीएफटूपीपीएम -आर १०० -ग्रे -पीएनजी -एफ १ -एल १ पत्रिका.पीडीएफ नमुना

पहिल्या पानाचं राखाडी चित्र मिळेल, ते लांबून बघा, वाचता येतंय का. आणि घरच्या इंकजेटवर छापणार असाल, शाई किती जाणार याची धास्ती असेल, तर घोस्टस्क्रिप्टला विचारता येतं

जीएस -ओ - -एसडिव्हाइस=इंककव्ह पत्रिका.पीडीएफ

(पहिला एस लहान, डिव्हाइस पूर्ण कॅपिटल). प्रत्येक पानामागे चार आकडे येतात, निळसर, गुलाबी, पिवळा, काळा या क्रमाने, पानाच्या किती भागाला तो रंग थोडा का होईना लागतो ते. ०.०५ म्हणजे पाच टक्के भाग. मुखपृष्ठावर ०.९ दिसायला लागले की समजा मागे कुणीतरी पूर्ण पानभर फिकट गणपती टाकलाय, तो काढा, कार्ट्रिज वाचेल.

साध्या टेक्स्ट फाइलचं काय? ए-टू-पीएस आणि एनस्क्रिप्ट ही जुनी नावं अजून सगळीकडे सांगितली जातात, इंग्रजी कोड छापायला झकास, मराठीला बिनकामाची, युटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) त्यांना झेपत नाही. मराठीसाठी पॅप्स वापरा, ते पँगो या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीवर चालतं म्हणून जोडाक्षरं नीट येतात

पॅप्स --फॉरमॅट=पीडीएफ आरती.टीएक्सटी > आरती.पीडीएफ

जुन्या पॅप्सला हा फॉरमॅट कळत नाही, त्यातून पोस्टस्क्रिप्ट येतं, ते पीएस२पीडीएफ मधून काढा आणि तिथे -एसपेपरसाइज=ए४ द्यायला विसरू नका (पेपरसाइज कॅपिटल), नाहीतर घोस्टस्क्रिप्ट परत लेटर धरू शकतं. इंजिनिअरिंगच्या पोरांना मॅन पेज (कमांडची माहितीपानं) कागदावर हवी असतात, त्यांनी मॅन -टी एलएस > एलएस.पीएस करावं आणि एव्हिन्स किंवा जीव्हीमध्ये उघडून बघावं, मगच छापावं, बॅशचं मॅन पेज न बघता प्रिंटला टाकलं तर कागदाचा गठ्ठाच बाहेर येईल.

मॅकवर फारसं सांगायला नको, प्रिंटच्या खिडकीत पीडीएफचा मेन्यू आहे, त्यात ओपन इन प्रिव्ह्यू. फक्त मॅकओएस व्हेंच्युरापासून प्रिव्ह्यू पोस्टस्क्रिप्ट फाइल उघडत नाही, आधी पीडीएफ करून घ्यावी लागते.

ब्राउझरमधून फॉर्म, तिकीट, निकाल छापायचा तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल-पी दाबल्यावर डावीकडे पानं दिसतातच. मोअर सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी बघा, वरखाली तारीख नि पत्ता छापणारी हेडर-फूटरची खूण काढायची का, आणि बॅकग्राउंड छापायची का. रंगीत पट्ट्यावर पांढरी अक्षरं असलेला फॉर्म असेल तर बॅकग्राउंड लागतंच, नाहीतर मथळे कोरे येतात. लेख छापायचा असेल आणि सिम्प्लिफाइड हा पर्याय दिसत असेल तर तो घ्या, जाहिराती गळून जातात.

दुकानात न्यायचं तर फक्त पीडीएफ न्या, ओडीटी किंवा डॉकएक्स नेली की तिथल्या विंडोजवर फॉन्टचा सगळा खेळ पहिल्यापासून. आणि काउंटरवरच सांगा, भिया, फिट मत करना, एक्चुअल साइज पे रखना. नाहीतर त्यांच्या रीडरमध्ये फिटवर खूण असते आणि तुमची मोजून आखलेली पावती थोडी आक्रसून येते, मग पावतीपुस्तकाच्या छिद्रांना जुळत नाही.

घरी छापत असाल तर आधी एकच पान काढा, एलपी -पी १ पत्रिका.पीडीएफ (इथला पी कॅपिटल). मोठं काम रात्री रांगेत लावून सकाळी नजर टाकून सोडायचं असेल तर एलपी -एच होल्ड (एच कॅपिटल) दिलं की ते रांगेत थांबून राहतं, नंतर एलपी -आय आणि कामाचा क्रमांक, पुढे -एच रिझ्यूम. तेवढ्यात काकांचा फोन आला की प्रमुख पाहुणे बदलले, तर कॅन्सल -ए म्हणा, तुमची सगळी रांग रिकामी होते, किंवा ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:६३१ उघडून जॉब्समधून तेवढं एकच काढून टाका. प्रिंटरच्या पोटात आधीच गेलेली पानं मात्र त्याने थांबत नाहीत, त्यासाठी प्रिंटरवरचं कॅन्सलचं बटणच दाबावं लागतं.